न पुसलेली ओळ

पुरात माझ्या महाडच्या वकिली ऑफिसातला मुख्य कॉम्प्युटर गेला. नवा आणून त्याला जुनंच नाव दिलं, तरी टायपिस्टबाईंच्या मशीनला तो काही सापडेना. वैतागून दुरुस्तीवाल्याला बोलावलं. चाळिशीचा माणूस आला, दाराबाहेर चपला नीट जोडून ठेवून.

"साहेब, नावावरनं पत्ता शोधताना मशीन आधी स्वतःजवळची यादी बघतं," तो म्हणाला. "त्यात गेलेल्या कॉम्प्युटरचा जुना पत्ता लिवलेला हाय, नव्याचा येगळा. तो मिळाला की बाकी कुणाला विचारतच नाय. नसलेल्या पत्त्यावर हाका मारत बसतं."

"मग पुसून टाका ना ती ओळ!"

त्याने पुसली नाही. ओळीच्या सुरुवातीला एक छोटी खूण टाकली. "आता मशीन ही ओळ वाचत नाय. आपल्याला मात्र दिसते. मी कुणाचीच ओळ पुसत नाय."

चहा पिताना मी गाव विचारलं. पोलादपूरच्या वरची वाडी, म्हणाला. दरडीखाली गेली, त्याच्या घरातल्या चौघांसकट. आता बिरवाडीत खोली घेऊन एकटा राहतो.

"मशीनचं बरं हाय, साहेब. खूण टाकली की वाचत नाय," एवढंच पुढे बोलला.

संध्याकाळी तो मला एसटी स्टँडवर दिसला. पोलादपूरची गाडी लागली तसा पिशवी उचलून लगबगीने निघाला, दारातल्या दांड्याला हात घातला आणि तिथेच थांबला. मागची माणसं त्याला ढकलून चढली. कंडक्टरने त्याच्याकडे बघितलंही नाही, रोजचंच असावं. गाडी गेली. तो परत बाकावर येऊन बसला, बिरवाडीच्या गाडीची वाट बघत.