इंजिनाचा दुसरा पत्रा

आज आपल्या मॉडेलवाल्यांच्या ग्रुपवर इंजिनाचा फोटो टाकणार होतो. आता हात धजावत नाही.

ठाकूरद्वारच्या आत्याकडे मोठ्या काकांनी बनवलेलं वाफेच्या इंजिनाचं मॉडेल होतं. काकांना मी कधी पाहिलं नाही. मालगाडीच्या इंजिनाचं मॉडेल बदलून ते मेलगाडीचं करत होते. चाकं मोठी बसवलेली, पण धूर वर ढकलणारा पुढचा पत्रा एकाच बाजूला होता. मला वाटलं, दुसरा पडला असेल. मी इंजिन घरी आणून तसाच पत्रा कापला, कथलाचा डाग देऊन बसवला, रंगवला आणि आज सकाळी हौसेने आत्याला दाखवायला नेलं.

तिने इंजिन फिरवून दोन्ही बाजू बघितल्या.

"पडला नव्हता रे. दादाने बसवलाच नव्हता. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ चालू होती. नाक्यावर गलका झाला, तसा 'आलोच' म्हणून खाली उतरला. तिथेच गोळी लागली त्याला."

मी म्हटलं, "आत्या, काढून टाकतो."

"राहू दे. आता झालं ना पुरं? तुझ्याकडेच ठेव."

तिच्या कपाटातली जागा रिकामीच ठेवून इंजिन परत घरी घेऊन आलोय. पत्रा सहज निघेल. तुम्ही काढला असता?