अक्षता लावलेला बोर्ड

आमच्या परळच्या चाळीत पाण्याची टाकी गच्चीवर. ती भरली की नाही हे बघायला रोज सकाळी माझे बाबा जिने चढत. पंप वेळेवर बंद झाला नाही तर पाणी वाहून जायचं आणि सगळी चाळ बोलायची. बाबांच्या गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिलाय. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, तीही इलेक्ट्रॉनिक्सची. मला ते बघवेना. म्हणून टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारा एक बोर्ड मी बनवला. स्वतः बनवला, हे सांगताना मी उगाच लाजणार नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहिली चाचणी. पाणी कुठवर चढलं की थांबायचं, तो आकडा बोर्डात भरायचा होता. ऑफिसच्या लॅपटॉपवर बाहेरचं काही चालत नाही, म्हणून फोनला ओटीजी अडॅप्टर लावला, त्यात केबल, केबलचं दुसरं टोक बोर्डात. फोन ढिम्म. केबल बदलली, अडॅप्टर बदलला. तरी ढिम्म. पंपाजवळ अर्धी चाळ जमलेली.

"चार्जिंग संपलं असेल गं," शेजारच्या काकू म्हणाल्या.

त्यांचे यजमान बाबांना म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे. जिना काय बिघडत नाय."

बाबा खरंच जिन्याकडे वळले. मी टॉर्च लावून बोर्डाच्या केबल घालायच्या फटीत पाहिलं. आत लालभडक.

"आई, याला काय केलंस?"

"काय म्हंजे? काल दसरो नाय? तुझा हत्यार ता. हळद-कुंकू लायलंय, अक्षता घातलंय. तुझे बाबा गिरणीत साच्याची, मागाची पूजा करीत, इसारलंस?"

फटीत कुंकवाच्या अक्षता अडकल्या होत्या, आणि मीच जोर लावून केबल खुपसताना त्यांचा चुरा केला होता. वीज बंद करून सेफ्टी पिनने तो कोरून काढायला बसले.

"हळू गो, अक्षता असत त्यो!" आई ओरडली. सगळे हसले, मीही.

पुन्हा केबल लावली आणि फोनवर आकडे धावू लागले. माझा आकडा भरला, पंप चालू केला. बाबा पहिल्या पायरीवर बसले, केव्हाही उठायच्या तयारीत. मग खट्ट आवाज झाला आणि पंप गप्प.

"पंप थांबलो?" बाबांनी विचारलं.

"थांबला!"

बाबा कठडा धरून वर निघाले.

"आता कशाला?"

"भरलेली टाकी बघून येतंय गो. आज काय घाई नाय."