फोन मी धरला होता

टाळेबंदीच्या वर्षी सासऱ्यांचे डॉक्टर व्हिडिओवर तपासू लागले. सासरे तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, गणिताचे निवृत्त शिक्षक. रक्तदाब आणि साखर, दोन्ही जुनी दुखणी. बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघंच. सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. नवऱ्याचं खराडीचं ऑफिस आतल्या खोलीत आलं होतं आणि सकाळी साडेअकराला त्याची मीटिंग असायची. डॉक्टरांची वेळही नेमकी तीच. मी शाळेच्या कार्यालयात नोकरी करते. शाळा बंद होती. त्यामुळे फोन धरायचं काम माझ्याकडे आलं.

अंगावर पडलेलं काम मी नीट करते. वहीत रोजचा रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर. सासऱ्यांना खिडकीकडे तोंड करून बसवायचं, म्हणजे उजेड चेहऱ्यावर येतो. आदल्या दिवशी रिपोर्टचे फोटो पाठवून ठेवायचे. डॉक्टर म्हणायचे, "ताई, तुमच्यासारखे नातेवाईक सगळ्यांना मिळाले तर माझं काम निम्मं होईल." मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

पहिल्या दोन-तीन वेळा नेटनेच निम्मा वेळ खाल्ला. डॉक्टर ओरडायचे, "काका, ऐकू येतंय का?"

सासरे थोडे बहिरे, पण तोंड शाबूत. "मला येतंय. तुम्हीच तोंड उघडं टाकून थांबलाय."

बाकी प्रश्नांची उत्तरं बहुतेक मीच द्यायची. झोप? बरी आहे. जेवण? दोन पोळ्या. पाणी? इथे मी तक्रार करायची. "अजिबात पीत नाहीत हो. दुपारनंतर तर पेला हातात घेत नाहीत. चहासुद्धा अर्धा कप." डॉक्टर त्यांना सांगायचे, काका, पाणी वाढवा. सासरे मान हलवायचे आणि पेला तसाच ठेवायचे. हट्टीपणा, असं मी ठरवून टाकलं. रात्री तीन-चारदा उठायचे, त्याला म्हातारपण म्हटलं. संध्याकाळचं गच्चीवर जाणं बंद झालं, त्याला टाळेबंदी म्हटलं. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे एक कारण तयार होतं.

मग पावलं सुजली. डॉक्टरांनी नडगीवर अंगठा दाबून कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितलं. मी दाबला, खळगा पडला, तो तसाच राहिला. रक्ताचा रिपोर्ट आला तर क्रिएटिनिन दुप्पट. पूर्वी आम्हाला हा आकडा एवढाच माहीत होता की तो वाढू नये, कारण तो वाढला म्हणजे मूत्रपिंडं थकली. पुढच्या मंगळवारी डॉक्टर नेहमीसारखे बोलत नव्हते.

"औषधं चालू असताना एवढं वाढायला नको. असंच चढत राहिलं तर डायलिसिसचं बोलावं लागेल. काका, लघवी साफ होते का?"

"व्यवस्थित."

"धार नीट येते? जोर करावा लागतो?"

"काही तक्रार नाही."

मी वही उघडून सोडियमचा आकडा सांगायला लागले, तर डॉक्टरांनी मला थांबवलं.

"एक मिनिट ताई. काका, तुम्ही उत्तर देताना माझ्याकडे बघत नाही. वर कुणाकडे बघताय?"

सासरे चष्मा काढून पुसायला लागले.

"फोन कुणी धरलाय?"

"मीच धरलाय," मी म्हटलं. "सून."

"फोन कशाला तरी टेकवून ठेवा आणि बाहेर जा. दार ओढून घ्या."

मला रागच आला. महिनोन्‌महिने वही मी लिहायची आणि मलाच बाहेर काढायचं! पण फोन पोह्यांच्या डब्याला टेकवला आणि दार ओढून घेतलं. डॉक्टर बहिऱ्या माणसाशी बोलतात तसे मोठ्याने बोलत होते, स्वयंपाकघरात शब्द न् शब्द येणार. म्हणून मिक्सर लावला. दाण्याचा कूट झाला, मग खोबऱ्याची चटणी झाली, मग रिकामं भांडंच थोडा वेळ फिरवलं.

तेव्हा लक्षात आलं. दवाखान्यात आम्ही जायचो तेव्हा आत जाताना सासरे माझ्या हातातली फाइल घ्यायचे आणि म्हणायचे, "तू बैस इथे." मी बाहेर बाकावर बसायचे. मला वाटायचं, मास्तरकीची सवय. सासूबाई होत्या तोवर त्या आत जायच्या. घरात मात्र दवाखान्याचं दारच नव्हतं. ज्या सुनेसमोर या माणसाने कधी बनियनवर चहा घेतला नाही, तिच्या हातातल्या फोनकडे बघून त्याने लघवीचं काय सांगायचं? आणि हे मला चार महिन्यांत सुचलं नव्हतं.

दार उघडलं. "अगं, बोलावतायत तुला."

डॉक्टरांनी थोडक्यात सांगितलं. प्रोस्टेट वाढलंय, मूत्राशय रिकामं होत नाही, लघवी मागे तुंबून मूत्रपिंडांवर दाब येतोय. आजच्या आज सोनोग्राफी आणि नळी. उद्या नाही.

नवरा मीटिंग सोडून उठला. गाडीत मागे मी आणि सासरे. मी विचारलं, "बाबा, डॉक्टरांना तरी सांगायचं ना?"

"डॉक्टरांनाच सांगायचं होतं. मध्ये तू होतीस."

"म्हणून पाणी सोडलंत?"

"आत गेलं नाही तर बाहेर यायचा प्रश्न नाही. साधं गणित आहे."

"उत्तर चुकलं."

"हो," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

नळी घातली, पुढे ऑपरेशन झालं. मधल्या काळात नळीची पिशवी रिकामी करायचं काम नवऱ्याने केलं. मी त्यात पडले नाही. क्रिएटिनिन हळूहळू खाली आलं, पूर्वीच्या आकड्यापर्यंत मात्र नाही. ते पूर्ण उतरणार नाही, थोडं नुकसान राहिलं, असं डॉक्टर म्हणाले. डायलिसिस टळलं.

दवाखाना उघडल्यावरही दर दोन खेपांमधली एक व्हिडिओवरच ठरली. फोन मी लावते, आकडे वाचते, मग तो पोह्यांच्या डब्याला टेकवून उठते. पहिल्या वेळी मी पुन्हा मिक्सरकडे गेले, तर आतून हाक आली.

"मिक्सर नको. त्या दिवशी मला डॉक्टरांना सगळं दोनदा सांगावं लागलं. खाली जाऊन भाजी आण."

"भाजी कालच आणलीय, बाबा."

"मग परत आण. पंधरा मिनिटं लागतील अशी आण."

मी पिशवी घेतली आणि दार ओढून घेतलं.