जिरं न घालणारं गाव

साऱ्या टेक्सासमध्ये एन्चिलाडा नीट करणारी माणसं फक्त एल पासोत राहतात, आणि एल पासोतही फक्त आपल्या गल्लीत, अशी ज्यांची ठाम श्रद्धा होती ते माझे काका बार्शीत जन्माला आले, ही देवाकडून झालेली पत्त्याची चूक होती. वडिलांचे हे मावसभाऊ साठ सालच्या सुमारास शिकायला म्हणून अमेरिकेत आले, तांबं गाळण्याच्या कारखान्यात नोकरीला लागले आणि मेक्सिकोच्या अगदी हद्दीवरच्या त्या रखरखीत शहरात असे रुजले की चौऱ्याऐंशी साली मी तिथल्या युनिव्हर्सिटीत एम. एस. करायला पोचलो, तेव्हा विमानतळावर माझ्या बॅगेला हात लावण्याआधी त्यांनी विचारलं, "वाटेत डॅलसला काही खाल्लं नाहीस ना?" मी एन्चिलाडा खाल्ल्याचं कबूल केलं. "गुंडाळलेली?" मी मान हलवली. घर येईपर्यंत ते माझ्याशी तापकऱ्याशी बोलावं तसं हळुवार बोलत होते.

ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मक्याच्या पातळ पोळ्या, म्हणजे तोर्तिया, तेलातून नुसत्या काढायच्या, वाळलेल्या लाल मिरचीच्या दाट रश्शात बुडवायच्या आणि ताटलीत एकावर एक रचायच्या. मध्ये किसलेलं चीज आणि कच्चा कांदा, सगळ्यात वर तळलेलं अंडं. बाकीचा टेक्सास याच पोळ्यांची सुरळी करतो आणि काकांच्या मते त्या राज्याची घसरण तिथूनच सुरू झाली. "गुंडाळायला ती काय गादी आहे?" असं ते भर हॉटेलात मराठीत विचारायचे आणि मग वेटरला कळावं म्हणून स्पॅनिशमध्ये. रश्शात टोमॅटो चालत नसे, पीठ चालत नसे, आणि जिऱ्याचं तर नाव काढायचं नाही. सॅन अँटोनियोचे लोक एन्चिलाडात जिरं घालतात ही गोष्ट ते आवाज खाली आणून सांगत, शेजारच्या खोलीत लहान मुलं झोपली असावीत तसा. कुठे तशी एन्चिलाडा पुढ्यात आलीच तर मालकाला बोलावून त्याचं गाव विचारत, आणि तो बाहेरगावचा निघाला की "मग तुमचा दोष नाही" म्हणून त्याला क्षमा करत. नदीपलीकडचं हुआरेस मात्र दुसऱ्या देशात असूनही त्यांना आपलं वाटे. "मध्ये एक पूल आहे, एवढंच," असं ते म्हणत. गावातल्या पाच मराठी कुटुंबांचा गणपती एका वर्षी काकांकडे होता, तेव्हा त्यांनी नैवेद्याच्या ताटात अंडं वगळून एन्चिलाडा ठेवली. कांदा काढायला मात्र तयार होईनात, त्यावरून काकू विसर्जनापर्यंत त्यांच्याशी बोलल्या नाहीत. "बार्शीत असताना यांना आमटीत मीठ विसरलेलं कळायचं नाही," काकू मला सांगत, "आणि इथे आल्यावर एकदम जीभ फुटली."

ती जीभ फोडली शेजारच्या लुपेबाईंनी. काका-काकू त्या गल्लीत राहायला आले त्या दिवशी या बाई झाकलेली ताटली घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्यातली एन्चिलाडा खाऊन काका ताटली परत द्यायला गेले ते दोन तासांनी परत आले. पुढे दर शनिवारी ते लुपेबाईंच्या स्वयंपाकघरात मिरच्या निवडायला, भाजायला, भिजवायला बसत. बाई कडक. मिरची क्षणभर जास्त भाजली गेली तर सगळी फेकून द्यायला लावत. वीस वर्षांत त्यांनी काकांच्या हातच्या पदार्थाला चांगलं म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं. काका तरी शनिवार चुकवत नसत.

हे वेड कुठून आलं, ते मला एकदाच कळलं. त्यांच्या जुन्या पिकअपमधून आम्ही मिरच्यांचं पोतं आणायला चाललो होतो. काका सहज बोलावं तसं म्हणाले, "मागे बार्शीला गेलो ना, तर सख्खा भाऊ विचारतो, तुमच्याकडे काय खातात रे? तुमच्याकडे म्हणे. आणि इथे वीस वर्षं झाली, टॅक्स भरतो, पण ग्रोसरीतली पोरगी विचारते, व्हेअर आर यू फ्रॉम? मग मी म्हणतो, इथला. तर ती म्हणते, नो, रिअली." मी काहीतरी विनोद करायला गेलो. ते हसले नाहीत.

पंच्याऐंशीच्या वसंतात लुपेबाईंना अर्धांगाचा झटका आला. बाई सावरल्या, पण उजवा हात गेला. गल्लीच्या टोकाच्या चर्चमध्ये दर उन्हाळ्यात जत्रा भरे आणि तिथला एन्चिलाडाचा स्टॉल गेली कित्येक वर्षं बाईंचा. यंदा कोण, असा प्रश्न आला तेव्हा त्यांनी सांगितलं, "शेजारी करतील." चर्चच्या बायकांमध्ये कुजबुज झाली. हिंदू माणूस, तोही पुरुष, आणि लुपेबाईंच्या नावावर? बाई म्हणाल्या, तो नसेल तर स्टॉल नाही. हे ऐकल्यापासून काकांची झोप उडाली. आठवडाभर त्यांनी एकदाही डॅलसला नावं ठेवली नाहीत, यावरून आम्ही काय ते ओळखलं.

जत्रेच्या दिवशी सकाळी काकूंच्या स्वयंपाकघरात दोनशे ताटल्यांचा रस्सा तयार झाला. भलंमोठं पातेलं, विटेसारखा लाल रंग. शेवटी लसणाचं गरम तेल वरून ओतायचं तेवढं राहिलं होतं. काकांनी छोट्या कढईत तेल तापवलं. शेगडीशेजारी काकूंचा मिसळणाचा डबा नेहमीसारखा उघडा होता. काकांचा हात त्यात गेला, चिमूट उचलली गेली, तेल तडतडलं आणि आमटीवर ओतावी तशी ती फोडणी त्यांनी पातेल्यात ओतली. चर्र झालं. घरभर जिऱ्याचा वास सुटला.

"छान वास आलाय हो," काकू म्हणाल्या.

काका रिकाम्या कढईकडे बघत उभे होते. "मी काय केलं?" ते म्हणाले. "अगं, मी काय केलं हे?" दुसरा रस्सा करायला मिरच्या उरल्या नव्हत्या. मी म्हटलं, "काका, दोनशे ताटल्यांत एवढंसं जिरं, कोणाला कळणार?" त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी पातेलं उचलून निमूट गाडीत ठेवलं.

स्टॉलमागे लुपेबाई खुर्चीत बसल्या होत्या. काका त्यांच्यापुढे उभे राहिले आणि सगळं सांगून टाकलं. नाव तुमचं आहे, तुम्ही म्हणाल तर स्टॉल बंद करतो, म्हणाले. बाईंनी डाव्या हाताचं बोट रश्शात बुडवून चाखलं, पुन्हा एकदा चाखलं, आणि म्हणाल्या, "वाढायला घ्या. रांग लागली आहे."

दुपारी कुणाचातरी पाहुणा आला, उंच टोपीवाला, सॅन अँटोनियोचा. दोन घास खाल्ले आणि खूश होऊन म्हणाला, "अरे वा, यात तर आमच्यासारखं जिरं आहे. कोण हा स्वयंपाकी? कुठला?" काकांच्या हातातला झारा थांबला. चर्चच्या त्याच बायका रांगेत होत्या, पाद्रीबाबा दोन हात अंतरावर उभे होते. लुपेबाई खुर्चीतूनच म्हणाल्या, "जिरं? आमच्या गावात एन्चिलाडात जिरं घालत नाहीत." आणि डाव्या हाताने काकांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आणि हे आमच्या गावचे आहेत."

पाहुण्याने आणखी एक घास घेतला, बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, पण बाईंपुढे बोलायची कुणाची छाती नव्हती. काका पुढची ताटली भरायची विसरून गेले. ती मी भरली, आणि पोळ्या वेड्यावाकड्या रचल्या गेल्या तरी ते मला रागावले नाहीत.

लुपेबाई पुढच्याच वर्षी गेल्या. काका-काकूही आता नाहीत. मी नोकरीसाठी मिनेसोटात गेलो, तिथून ॲरिझोनात चँडलरला, आणि जाईन तिथे लोकांनी विचारलं, तुम्ही मूळचे कुठले, आणि मी सुचेल ते उत्तर देत आलो. चांगले शेजारी मलाही भेटले. पण इतकी देवभोळी बाई, चर्चच्या आवारात, पाद्रीबाबांच्या देखत, माझ्यासाठी धडधडीत खोटं बोलेल, असं गाव काही मला मिळालं नाही. काकांना ते मिळालं होतं, याचं मला अजून बरं वाटतं.