बाभळीचा सव्वा महिना

१२ नोव्हेंबर २०२४, मंगळवार. नळ आला नाही. दहाच्या एसटीने पातूरला गेले. मनकर्णाकडे वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर. बाभूळ पाहिली.

अकोल्याच्या सत्यवतीबाईंनी एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. नुसतं पाहून झालं नव्हतं.

लग्नानंतर मास्तर नवऱ्याच्या मागे त्या पातूरला आल्या, तेव्हा अमरावतीच्या कॉन्व्हेंटमधली दातांची पेस्ट सोबत होती आणि हिरड्यांतून रक्तही. शेजारच्या माळ्याच्या मनकर्णानं पेस्टचा वास घेतला. "गोड हाये. हे तं लेकराले चाटाले द्या, मास्तरीनबाई," म्हणाली, आणि शेताच्या धुऱ्यावरच्या बाभळीची साल उकळून लाल काढा पुढं ठेवला. जीभ आखडेल इतका तुरट. आठवडाभर चुळा भरल्या, रक्त थांबलं.

कुणाचे दात हलोत, कुणाचा घसा धरो, मनकर्णा वांग्याची तोडणी टाकून निघायची. खोडाला हळद लावून तळहाताएवढीच साल काढायची, जखम शेणमातीनं लिंपायची. त्या जागेला मग कैक वर्षं हात नाही. औषध फुकट, शिव्याही फुकट.

यंदा कुणीतरी मोबाइलवर पसरवलं, की ही साल शुगरवर चालते. दिवाळीत परगावची माणसं येऊन खोड सोलून गेली. साल चहूबाजूंनी गेली की झाड उभ्या उभ्या वाळतं. मनकर्णाच्या डोळ्यांत मोतीबिंदू; आज ती बोटांनी चाचपत खोडाभोवती फिरली. सत्यवतीबाईंचा जीव टांगणीला. विहिरीकडच्या अंगाला बोटं थांबली. दोन बोटं रुंदीची पट्टी मुळापासून फांदीपर्यंत शाबूत होती.

"जीव हाये," मनकर्णा म्हणाली. "पण उद्या हेबी नेतीन."

सत्यवतीबाईंनी पाटी लावायला सुचवलं. पाटी वाचून आणखी येतील, असं मनकर्णाचं म्हणणं. तिनं खोड लिंपलं, सत्यवतीबाईंनी गोधडीसाठी तिला दाखवायला आणलेलं जुनं मऊ निळं लुगडं मागून घेतलं, आणि बाळंतिणीचे कान बांधावेत तसं खोडाला गुंडाळलं. वर कडुनिंबाचा डहाळा खोचला.

वाटेनं दोघी बाया आल्या.

"ओली बाळंतीण हाये, माय. सव्वा महिना शिवू नका," मनकर्णानं त्यांना बजावलं.

कुणी हसलं नाही. एकीनं हातातला कोयता पदराखाली घेतला आणि दोघी लांबून निघून गेल्या.

सव्वा महिन्यानंतर काय, सत्यवतीबाईंनी विचारलं.

"मंग सांगू, पुन्हा दिवस गेले."

परतीच्या गाडीत त्यांना एकटीलाच हसू येत राहिलं. आता त्यांनी खाली एक ओळ लिहिली: निळं लुगडं पातूरला राहिलं, गोधडीला जुनी चादर लावायची.