अण्णासाहेबांच्या हॉलमधला काळा कोपरा

आमच्या कंपनीत लियाकत नावाचा पेंटर होता. पेंटर म्हणजे कलावंत वगैरे नव्हे. ‘धोका’, ‘हेल्मेट घाला’, ‘येथे कचरा टाकू नये’ हे साहित्य तो इंग्रजी, अरबी आणि हिंदी अशा तीन भाषांत लिहायचा. मूळचा रत्नागिरीकडचा, दाभोळच्या खाडीकाठचा. तरुणपणी मुंबईत सिनेमाची मोठी पोस्टरं रंगवायचा. दुबईत पेंटरला फार मागणी आहे, असं एजंटने सांगितलं म्हणून आला. मागणी होतीच, फक्त ती भिंतींपुरती होती.

मी देवदत्त, त्याच कंपनीचा ऑफिस मॅनेजर. मालक अण्णासाहेब जे म्हणतील त्याला ‘हो’ म्हणणं हे माझं मुख्य काम. बावीस वर्षांत त्यात माझी एकदाही चूक झाली नाही.

सत्त्याण्णव साली अण्णासाहेब सहकुटुंब युरोप पाहून आले. दहा दिवसांत सात देश. येताना सर्दी आणली, कलेविषयी मतं आणली आणि इटलीतल्या एका चर्चमधल्या जुन्या चित्राचं भलंमोठं पोस्टर आणलं. गोठ्यात नुकतं जन्मलेलं बाळ, भोवती धनगर, डाव्या कोपऱ्यात बाळावर वाकलेली एक म्हातारी. चित्रात दिवा नाही की चंद्र नाही. सगळा उजेड त्या बाळातूनच येतो. जो जवळ तो दिसतो, जो लांब तो काळोखात.

“गाइड म्हणाला, बरोक आहे,” अण्णासाहेब म्हणाले. “म्हणजे टॉप क्लास.”

“अहो, हा तर आपला कृष्णजन्मच,” त्यांच्या पत्नी कमलिनीताई म्हणाल्या आणि धर्माचा प्रश्न तिथल्या तिथे निकालात निघाला.

दुबईपासून दीड तासावरच्या अल ऐनला अण्णासाहेबांचा नवा व्हिला उभा राहत होता. त्याच्या हॉलसाठी लियाकतने हेच चित्र दहा फूट बाय सहा फूट काढायचं, असा हुकूम सुटला. फक्त धनगरांच्या जागी अण्णासाहेब, कमलिनीताई आणि चिरंजीव कुणाल हवेत. चारशे वर्षांपूर्वी युरोपातले धनिकही असेच पैसे टाकून देवाच्या शेजारी उभे राहत, हे मी पुढे कुठेतरी वाचलं. अण्णासाहेबांना ते न वाचताच सुचलं होतं.

दुबईतल्या अल कुसैसच्या आमच्या गोदामात, सिमेंटच्या गोणी बाजूला सारून, दर शुक्रवारी नमाजानंतर काम सुरू झालं. पहिल्याच शुक्रवारी लियाकतने अख्खा कॅनव्हास काळपट तपकिरी करून टाकला.

“लियाकत, अरे हे काय? अण्णासाहेबांना काय सांगू मी?”

“देवदत्तसाहेब, पोस्टर नीट बघा ना. हा माणूस पांढऱ्यावरून सुरू करत नाय. आधी सगळा काळोख घालतो. मग त्यातून पाहिजे तेवढाच माणूस बाहेर काढतो.” त्याने चाकूच्या पात्यावर पांढऱ्या रंगाचा लोण्यासारखा गोळा घेतला. “मुंबईत आमचे उस्ताद बोलायचे, सावली पातळ ठेव, उजेड जाड लाव. हात फिरवला तरी उजेड लागला पाहिजे.”

अक्षरं रंगवण्यात पंधरा वर्षं घालवलेला माणूस असं काही बोलतो याचं मला आश्चर्य वाटलं. ट्रकच्या दारांवर रंगवलेली अक्षरं पाहून कुणाची परीक्षा करू नये, एवढं तेव्हा मला कळत नव्हतं.

तिसऱ्या महिन्यात डावा कोपरा भरला आणि मी चमकलो. तिथली म्हातारी पोस्टरमधली नव्हती. डोक्यावरून पदर, एकच गाल उजळलेला, डाव्या भुवईच्या मधोमध एक छोटी खूण.

“ही कोण रे?”

“माझी आई. मैमुनाबी.” तो ब्रश पुसत राहिला. “तिचा एक पण फोटो नाय, साहेब. कॅमेरा दिसला की तोंड फिरवायची. बोलायची, ज्यांना मला बघायचंय त्यांनी घरी यावं. सकाळी चूल पेटवायला बसायची, तेव्हा एवढाच गाल दिसायचा. बाकी सगळा अंधार. मला तेवढीच आठवते. आता ती आठवण पण पुसत चाललीय. म्हटलं, आता काढली नाय तर खलास.”

मैमुनाबी चौऱ्याण्णव साली गेली. त्या दिवशी लियाकत गावी जायची रजा मागत माझ्या टेबलासमोर उभा होता. सगळ्या कामगारांसारखा त्याचाही पासपोर्ट माझ्या पाठीमागच्या तिजोरीत होता आणि तिजोरीची किल्ली लंडनला, अण्णासाहेबांच्या खिशात. मी फोन लावला. “मी परत आल्यावर बघू,” अण्णासाहेब म्हणाले. मी “हो” म्हणालो. तिजोरी फोडता आली असती. निदान भांडता तरी आलं असतं. मी मूग गिळून बसलो, आणि चौथ्या दिवशी लियाकत पुन्हा ‘हेल्मेट घाला’ रंगवायला लागला. त्याची मला अजून लाज वाटते.

चित्र पाहायला सगळं कुटुंब गोदामात आलं. अण्णासाहेबांनी आधी स्वतःला शोधलं. बराच वेळ शोधलं. ते मागच्या रांगेत होते. काळोखातून त्यांचं कपाळ आणि अर्धं नाक तेवढं बाहेर आलं होतं, आणि खरं सांगायचं तर इतके रुबाबदार ते आयुष्यात कधी दिसले नव्हते.

“व्हाय इज एव्हरीबडी इन द डार्क, डॅड?” कुणालने विचारलं.

“तेच म्हणतो मी! लियाकत, तीन माणसं आणि तिघंही अंधारात? हॉल माझा, भिंत माझी आणि उजेडात ही म्हातारी कोण?”

लियाकतने माझ्याकडे पाहिलं. सांगायची हीच वेळ होती. मी गोणींवरचा सिमेंटचा शिक्का वाचत होतो.

“पोस्टरमध्ये आहे, साहेब,” लियाकत म्हणाला.

“असू दे. तिचा चेहरा काढ, तिथे मॅडमचा घाल. आणि सगळ्यांवर सारखा लाइट पाड. लग्नाच्या ग्रुप फोटोत असतो तसा. बरोबर ना हो, देवदत्त?”

“हो,” मी म्हणालो.

पंधरा वर्षांत लियाकतने मालकाला उलट उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवशीही आवाज चढवला नाही. “आईच्या... त्या बाईच्या चेहऱ्यावर दुसरा चेहरा नाय घालणार मी, साहेब. मॅडमना पुढे आणतो, फुल लाइटमध्ये. म्हातारीला काढून टाकतो.”

पुढच्या शुक्रवारी त्याने सगळ्यांना उजळवलं. अण्णासाहेब, कमलिनीताई, कुणाल, गाय, गवत, सगळे ट्यूबलाइटखाली बसल्यासारखे झाले. एवढ्या झगमगाटात बाळाचा उजेड कुठल्या कुठे गेला. शेवटी त्याने काळा रंग पातळ केला आणि डाव्या कोपऱ्यावर सावकाश फिरवला. पदर गेला, गाल गेला, सगळ्यात शेवटी भुवई.

“यल्ला, चला, झालं,” तो म्हणाला. “तिला तरी कुठे लोकांनी बघितलेलं आवडायचं.”

मग कंपनीत कॉम्प्युटरवर कापलेले स्टिकर आले. अक्षरं रंगवणारा माणूस नको झाला. दोन हजार एक साली लियाकतचा व्हिसा रद्द झाला. पासपोर्ट मीच त्याच्या हातात दिला. या वेळी किल्ली लगेच सापडली.

दोन वर्षांनी अण्णासाहेबांनी अल ऐनला सत्यनारायण घातला. हॉलमध्ये चित्राला नवे हॅलोजन बसवले होते, डाव्या भिंतीवरून, अगदी चिकटून. पाहुणे अण्णासाहेबांच्या उजळ चेहऱ्याचं कौतुक करत होते. मी प्रसादाची वाटी घेऊन कोपऱ्याशी गेलो आणि हातातला घास तसाच राहिला.

काळा रंग पातळ होता. खालचा उजेड जाड होता. बाजूने पडलेल्या हॅलोजनमध्ये काळ्यावरच उंचवटे दिसत होते. पदराची घडी, एक गाल, डाव्या भुवईवरची खूण. मैमुनाबी तिथेच होती, अण्णासाहेबांच्या हॉलमध्ये, अण्णासाहेबांच्याच खर्चाच्या दिव्यात.

“काय बघताय, देवदत्त? त्या कोपऱ्यात काही नाही,” अण्णासाहेब पाठीमागून म्हणाले.

“हो,” मी म्हणालो. सवय जात नाही.

ते पुढे गेल्यावर मी कुणालला त्याचा नवा कॅमेरा आणायला सांगितलं. “हा कोपरा काढ. फ्लॅश बंद कर.”

“अंकल, देअर इज नथिंग. इट्स जस्ट ब्लॅक.”

“काढ तू.”

मैमुनाबीचा तो पहिला फोटो. कॅमेऱ्याकडे तिने अर्थातच पाहिलेलं नाही. मी तो पाकिटात घालून लियाकतच्या गावच्या पत्त्यावर पाठवला. सोबत काय लिहावं ते सुचेना, म्हणून नुसतंच ‘माफ कर’ लिहिलं.

तीन आठवड्यांनी ऑफिसात लियाकतचा फोन आला. माझ्या चिठ्ठीबद्दल तो काहीच बोलला नाही. मग म्हणाला, “साहेब, भुवईवरची खूण मी विसरलो होतो.”