रेव्हबाईंनी राखलेली खुर्ची

प्रार्थना चालू असताना रेव्हबाई डोळे मिटत नसत. लंडनमधल्या हाउन्सलोच्या आमच्या चर्चच्या शाळेत त्या चॅप्लेन, म्हणजे शाळेच्या धर्मगुरू, होत्या. मुलांनी रेव्हरंडचं ‘रेव्ह’ केलं आणि घरी सांगताना मी त्याला ‘बाई’ जोडलं. एकदा भीत भीत मी त्यांना कारण विचारलं. म्हणाल्या, “जी मुलं प्रार्थना करत नाहीत ती इकडेतिकडे बघत असतात. त्यांच्याकडे बघून हसायला कुणीतरी नको?”

पहिल्याच वर्षी माझी फजिती झाली. कम्युनियनच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या नावाने पाव वाटण्याच्या, वेळी ख्रिस्ती नसलेल्या मुलांनी छातीवर हातांची घडी घालून पुढे जायचं, म्हणजे रेव्हबाई नुसता आशीर्वाद देत. मी ते विसरले आणि प्रसादाला करतात तसा उजवा तळवा पुढे केला. मागची मुलं खिदळली. रेव्हबाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “आधी तुझ्या आईला विचारू या,” त्या हळूच म्हणाल्या.

आणि दुसऱ्या दिवशी खरंच गेटवर थांबल्या. आई एअरपोर्टच्या किचनमध्ये जेवणाचे ट्रे भरायची. इंग्रजी जेमतेम, म्हणून मध्ये मी.

“त्यांना सांग,” आई म्हणाली, “प्रसादाला कुणी नाही म्हणतं का?”

रेव्हबाई मोठ्याने हसल्या. “माझ्या चर्चपेक्षा तुझ्या आईचं चर्च मोठं दिसतंय.”

पुढे कॉरिडॉरमध्ये भेटल्या की विचारायच्या, “तुझी आई प्रार्थनेत काय म्हणते?” मी म्हणायचे, “नॉर्मलच, मिस. संध्याकाळी दिव्यापुढे म्हणतात तीच.”

शेवटच्या वर्षी चर्चमधल्या निरोपाच्या प्रार्थनासभेत आईने दिव्यापुढची प्रार्थना मराठीतून म्हणावी, असं त्यांच्या मनात आलं. “तिला विचार. मी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवते.”

मी आईला विचारलंच नाही. इतरांचे आईवडील कसे बोलतील, आई कशी बोलेल, एवढंच डोळ्यांपुढे येत होतं. मला तिची लाज वाटली.

“तिची शिफ्ट आहे, मिस.”

“मी मॅनेजरला पत्र देऊ?”

“नको, मिस.”

त्यांनी तरीही खुर्ची ठेवली. वर आईचं नाव, स्पेलिंगसकट बरोबर. तिची वेळ आली तेव्हा त्या म्हणाल्या, “यांना कामावरून येता आलं नाही. आपण त्यांच्यासाठी थोडं थांबू.” मिनिटभर सगळं चर्च माझ्या आईसाठी गप्प बसलं. आई त्या वेळी घरी मेथी निवडत होती.

नंतर मी मँचेस्टरला युनिव्हर्सिटीत आले, आमच्या घरातली पहिलीच. रेव्हबाईंना खरं काय ते लिहायचं, असं प्रत्येक टर्मला ठरवत राहिले. दुसऱ्या वर्षी मैत्रिणीचा फोन आला, की त्या गेल्या.

मी आईला कळवलं.

“चांगल्या होत्या गं बाई,” ती म्हणाली. “एकदा तरी बोलवायला हवं होतं त्यांनी मला. गेले असते मी.”

“हो,” मी म्हणाले.